गळ्यातली फुंकणी

आत्या, तुला जाऊन आज वीस दिवस झाले आणि मला अजून तुझ्यावर नीट रागवायलाही सवड मिळालेली नाही. आधी माणसं, मग विधी, मग परत माणसं. माधव नगरातल्या आपल्या तीन खोल्यांत एवढी गर्दी मी कधी पाहिली नव्हती, आणि त्यातल्या अर्ध्याअधिक लोकांना मी ओळखतही नव्हते. एक गृहस्थ देवासहून बस पकडून आले. तुझ्या फोटोसमोर हात जोडून ढसाढसा रडले आणि मला म्हणाले, "बहनजी ने एक बार मुझे खिड़की पे ऐसा डाँटा था, ऐसा डाँटा था, कि आज तक याद है." मी म्हटलं, "अंकल, मुझे तो पिछले महीने ही डाँटा था." ते रडता रडता हसायला लागले, मग मीही. आम्ही दोघांनी चहा घेतला आणि ते पाचच्या बसने परत गेले.

पण मला रागवायचंय ते वेगळ्याच गोष्टीवरून. आपलं एक भांडण अर्धवट राहिलं होतं. त्या रविवारी तू खरोखर उपाशी राहिली होतीस, की मला बनवलं होतंस? "तूच शोध आता," म्हणालीस आणि शेवटपर्यंत उत्तर दिलं नाहीस. मीही हट्टाने शोधलं नाही. परवा एकादशीला ते आपोआप समोर येऊन उभं राहिलं, आणि सांगायला गेले तर घरात तू नाहीस. म्हणून लिहायला बसले.

आधी तुझी ओळख करून द्यायला हवी, नाहीतर तू म्हणशील, "लाइनीत नीट उभे राहा, नाव सांगा, मग गाडी विचारा." तर पुष्पाआत्या. माझ्या बाबांची थोरली बहीण. उज्जैन स्टेशनच्या तिकीट खिडकीमागे तीस वर्षं काढलेली. लग्न का नाही केलंस विचारलं की "लाइन लंबी होती गं, माझा नंबरच नाही लागला" असं सांगून मोकळी होणारी. आई-बाबा गेल्यावर घरात तू आणि मी, दोघीच. चौऱ्याहत्तराव्या वर्षी नखांना लालभडक नेलपॉलिश लावणारी बाई माझ्या माहितीत तू एकटीच. दर शुक्रवारी जुनं काढून नवं लावायचं, आणि ते वाळेपर्यंत मला कामाला जुंपायचं. "मनू, जरा दूध बघ. मनू, जरा दार उघड. माझी नखं ओली आहेत." दूध उतू जायचं ते जायचंच.

आणि मी इथल्याच एका इंजिनीअरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवणारी मनू मॅडम, चार वर्षं एका डबीच्या मागे लागलेली. अंगठ्याएवढी डबी, गळ्यात लॉकेटसारखी घालायची. तासातासाला ती थरथरते. थरथरली की तोंडाशी धरून सावकाश श्वास सोडायचा. आतला सेन्सर त्या श्वासातलं अ‍ॅसिटोन मोजतो. पोटात अन्न नसलं की शरीर चरबी जाळायला लागतं, आणि त्याची ही वाफ श्वासातून बाहेर पडते. मधुमेह हाताबाहेर गेला की तीच वाफ फार वाढते. म्हणजे उद्या ही डबी नीट चालली तर एखाद्या आजीला बोट न टोचता, रक्त न काढता, वेळेवर कळेल की डॉक्टरकडे जायला हवं. पण रोग्यांपर्यंत जाण्याआधी एक साधी गोष्ट सिद्ध करायची होती. धडधाकट माणूस उपाशी राहिलं की डबीचा आकडा वर चढतो, एवढंच.

प्रस्तावात मी तिला 'श्वास-संवेदक' असं भारदस्त नाव दिलं होतं. तू डबी हातात घेऊन उलटसुलट केलीस. "यात फुंकायचं?"

"हो."

"मग फुंकणीच की! एवढं काय जड-जड बोलतेस?"

झालं. त्या दिवसापासून ती फुंकणी. आमच्याबरोबर काम करणारे डॉक्टर देवळे, ज्यांना हसताना मी आजवर पाहिलेलं नाही, तेही मीटिंगमध्ये गंभीर चेहऱ्याने म्हणायला लागले, "फुंकणी क्रमांक चार चार्ज झालेली नाही."

आता उपाशी माणसं आणायची कुठून? सुखासुखी कोण उपाशी राहतं? तेव्हा मला वाटलं, आपल्याला केवढी थोर कल्पना सुचली आहे. तुझ्या महिला मंडळातल्या दहा-बारा बायका पंधरा दिवसांनी एकादशी करतातच. त्या दिवशी त्यांच्या गळ्यात फुंकणी घालायची. हिंग लागे ना फिटकरी! तू तर इतकी खूश झालीस की दुसऱ्याच दिवशी देवास गेटच्या बाजारात जाऊन काळ्या मण्यांच्या पोती घेऊन आलीस. कॉलेजने दिलेली निळी पट्टी बघून म्हणाली होतीस, "हे गळ्यात घालून कोण फिरेल? आम्ही काय स्टेशनवरचे टीसी आहोत?" रात्रीच्या जेवणानंतर चष्मा नाकावर घेऊन सगळ्या फुंकण्या पोतीत ओवल्यास. मंडळातल्या निमाताईंनी तर ती एका लग्नातही घातली आणि विचारणाऱ्यांना सांगितलं, फॉरेनचं आहे.

फुंकायचं कसं ते मी त्यांना अर्धा तास समजावत होते. श्वसनमार्ग, फुफ्फुसांच्या तळाची हवा, वगैरे. सगळ्या माना डोलावत होत्या आणि एकीलाही काही कळत नव्हतं. तू मला हाताने बाजूला सारलंस. "बायांनो, चहा निववायला फुंकता तसं नाही. आरसा पुसायला हाऽऽ करता ना, तसं. पोटातून." एका मिनिटात सगळ्या जणी हाऽऽ करायला लागल्या. पुढे मी ही ओळ सूचनापत्रात जशीच्या तशी घातली आणि देवळ्यांनी ती कापली नाही.

मस्तीही काही कमी केली नाहीस. तिसऱ्या का चौथ्या एकादशीला तुझा आकडा एकदम असा उडाला की मी आनंदाने किंचाळलेच. देवळ्यांना फोन लावला, त्यांना जेवणावरून उठवलं. पाच मिनिटांनी बघते तर तू तोंडाला पदर लावून खुसूखुसू हसते आहेस. हातांना सॅनिटायझर चोळून फुंकणी धरली होतीस. "तुझा चेहरा किती दिवसांत असा फुलला नव्हता गं," म्हणालीस, "म्हटलं, पाच मिनिटं तरी खूश राहू दे बिचारीला." मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तू गरम पोहे पुढे ठेवलेस आणि मला भूक लागली होती.

माझा चेहरा फुलत नव्हता याला कारण होतं. एकादशीमागून एकादशी गेली आणि आकडा जागचा हलायला तयार नाही. फॉर्मवर एकच प्रश्न होता: आज उपवास होता का? होय / नाही. सगळ्या बायका 'होय'वर खूण करायच्या आणि सगळ्यांची रेषा सपाट. मी सेन्सरचा लेप बदलला. सर्किट बदललं. श्वासातल्या ओलाव्याला शिव्या दिल्या, शिप्रेच्या दमट हवेवर खापर फोडलं. आठ महिने हेच. शेवटी एका दुपारी मी देवळ्यांना पत्र लिहायला घेतलं की हा सेन्सर चालत नाही, आपण थांबू या. तू मागून वाचत होतीस. एवढंच म्हणालीस, "येत्या एकादशीपर्यंत धाडू नकोस."

त्या एकादशीला मंडळ आपल्याकडे जमलं होतं. प्रत्येकीच्या गळ्यात फुंकणी आणि हातात ताटली. तेवढ्यात खालच्या मजल्यावरची गुड्डी भाभी दही मागायला वर आली. तिचीही ग्यारस, म्हणजे एकादशीच, होती, सकाळपासून तोंडात पाण्याचा थेंब नाही. ती दारातच थबकली. साबुदाण्याची खिचडी, मोरधनाचा, म्हणजे वरईचा, भात, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस, केळ्याचं शिकरण, आणि मधोमध परातभर फराळी मिक्सचर. तिने डोळे मोठे केले.

"ये आप लोगों का व्रत है?"

"हाँ भाभी, एकादशी," निमाताई घास गिळत म्हणाल्या.

"हमारे यहाँ तो इसको पार्टी बोलते हैं!"

सगळ्या खो खो हसल्या. मीही हसले. हसली नाहीस ती फक्त तू. तू ताटली खाली ठेवलीस, हात पुसलेस, माझ्या टेबलावरचा फॉर्म उचललास आणि तो पुढून-मागून बघितलास, जसं कोणी चुकीच्या तारखेचा फॉर्म खिडकीतून आत सरकवला असावा.

"मनू, यात 'काय खाल्लं' हा रकाना कुठाय?"

"उपवासाला काय खाणार, आत्या?" मी म्हटलं. तोंडात खिचडी होती माझ्या. अगदी तोंडात.

तू नुसती माझ्याकडे बघत राहिलीस. मग माझ्या ताटलीकडे. आणि मग माझ्या डोक्यात जो काही उजेड पडला, आत्या, तो आठवला की आजही पलंगावर गडाबडा लोळावंसं वाटतं. आठ महिने! एकादशी दुप्पट खाशी, हे मी बालवाडीपासून ऐकत आले. साबुदाणा म्हणजे नुसता पिठाचा गोळा, बटाटा तसाच, रताळं तसंच. रोजच्यापेक्षा जास्त पिष्ट पोटात ढकलून मी अख्ख्या मंडळाला 'उपाशी' म्हणून मोजत होते. दुसऱ्या कुठल्याही घरातल्या बाईने पहिल्याच दिवशी विचारलं असतं की उपवास म्हणजे नेमकं काय. मला विचारावंसं वाटलं नाही, कारण आपल्याकडे उपवास म्हणजे खिचडी, यात विचारायचं काय! सेन्सर बिचारा पहिल्या दिवसापासून खरं सांगत होता की या बायका छान जेवलेल्या आहेत.

तू इतकी हसलीस की तुला ठसका लागला आणि गुड्डी भाभीने तुझी पाठ चोळली. मी ते पत्र फाडलं. मग देवळ्यांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मीसुद्धा एकादशी करतो, मॅडम." एवढंच.

इथपर्यंत सगळं झकास होतं. बिघडलं ते पुढे. देवळ्यांनी नवे नियम केले. पाण्याखेरीज काही नाही. आधी तब्येतीची तपासणी. दिवसभर कोणीतरी सोबत, आणि त्याची साक्षीदार म्हणून सही. दोन दिवस आधी नेलपॉलिश काढून टाकायचं, कारण ते काढायच्या रिमूव्हरमध्ये अ‍ॅसिटोनच असतं. आणि वय साठच्या आत. परवानगीला चांगले तीन-चार महिने लागणार होते. तू तो कागद वाचलास आणि शेवटच्या ओळीवर लाल नख ठेवलंस.

"म्हणजे मी आउट?"

"आत्या, तुझं वय बघ."

"चूक कोणी शोधली?"

"तू शोधलीस. म्हणून काय तुला उपाशी ठेवू? चक्कर येऊन पडलीस तर?"

"मी तीस वर्षं शिफ्ट केली आहे मनू, डबा न उघडता. मला नको शिकवू उपास."

किती वाद घातलेस! मी नाहीच म्हटलं. मी बरोबर होते, आत्या, हे मी आजही सोडणार नाही. चौऱ्याहत्तराव्या वर्षी असले प्रयोग करायचे नसतात. तू 'हूं' म्हणालीस आणि विषय सोडलास, तेव्हाच मला कळायला हवं होतं. तू कधी कुठला विषय सोडला आहेस?

मग तो रविवार आला, दिवाळीनंतरचा. मी बाहेरच्या खोलीत सत्तरएक पेपरांचा गठ्ठा तपासायला बसले होते. तू सकाळपासून स्वयंपाकघरात. दाल-बाफल्यांचा, म्हणजे डाळ आणि कणकेच्या भाजलेल्या गोळ्यांचा, घाट घातला होतास. मला चहा आणून दिलास. "तुझा?" म्हटलं, तर "झाला." दुपारी मला बाफला कुस्करून वाढलास, वर तुपाची धार धरलीस, "आणखी एक घे, पेपर काय पळून जात नाहीत." "तू बस ना," म्हटलं, तर "मी मागाहून बसते, गुड्डीबरोबर." अधूनमधून कुठूनतरी घर्रकन आवाज यायचा आणि तू ओट्याकडे जायचीस. मला वाटलं तुझा फोन आहे.

संध्याकाळी सहाला तू माझ्यासमोर येऊन उभी राहिलीस. पदराखालून फुंकणी काढलीस, हाऽऽ केलंस आणि म्हणालीस, "बघ तुझ्या मोबाइलवर."

आकडा वर होता. नेहमीच्या कितीतरी वर. चार वर्षांत पहिल्यांदा. मी खुर्चीवरून उडालेच, पेपर सगळे जमिनीवर. आणि दुसऱ्याच क्षणी मला तो सॅनिटायझर आठवला. मी तुझ्या हातांकडे बघितलं. नखं बोडकी होती. शुक्रवारचं नेहमीचं लाल एकाही नखावर नव्हतं.

"नखं दाखव," मी म्हटलं.

तू हसत होतीस, ती थांबलीस.

"रिमूव्हर लावून फुंकलंस ना? परत? आत्या, माझं हे काम म्हणजे काय तुला थट्टा वाटते का? तुला अक्कल आहे का?"

दहाही बोटं माझ्यापुढे धरलीस, खिडकीतून कागद सरकवावा तशी. "तूच शोध आता, सायंटिस्ट बाई," म्हणालीस आणि आत गेलीस. थोड्या वेळाने मी पाणी प्यायला आत आले तर तू ओट्यापाशी उभी राहून थंड बाफला खात होतीस. तूप नाही, डाळ नाही. एक संपवलास, दुसरा घेतलास, मग तिसरा. मला वाटलं, रागाने खाते आहे. मी फोनवर त्या दिवसाच्या नोंदीपुढे 'बाद' लिहिलं आणि फाइल न उघडता बंद केली.

आत सबंध दिवसाच्या फुंका होत्या, तासातासाच्या. उघडली असती तर दोन मिनिटांत कळलं असतं. पण आत लबाडी निघाली असती तर मला वाईट वाटलं असतं, आणि खरं निघालं असतं तर तुझी माफी मागावी लागली असती. दोन्हीकडून माझीच फजिती. म्हणून उद्या बघू, परवा बघू. तू आठवड्याला एकदा तरी विचारायचीस, "सापडलं का?" मी म्हणायचे, "वेळ नाही." तू म्हणायचीस, "हो, लाइन लंबी आहे." आणि आपण दोघी हसायचो. असं वाटू नये कोणाला की आपण अबोला धरून राहिलो. मजेत होतो आपण! नखं पुन्हा लाल झाली, दूध पुन्हा उतू गेलं. तू मंडळातल्या साठीच्या आतल्या सहा बायकांना निवडलंस, त्यांना दम भरलास की परवानगी आली की खरा उपास करायचा, पाण्यावर, आणि जी केळं खाईल तिला मंडळातून काढीन. फक्त ती एक फाइल तेवढी बंद राहिली.

आणि मग त्या सकाळी चहाचा कप हातात घेऊन तू म्हणालीस, "आज साखर कमी घातलीस का गं?" आणि मी साखरेचा डबा घेऊन वळेपर्यंत तू गेली होतीस. हृदय थांबलं. मी देवळ्यांना दहा वेळा विचारलं, त्या रविवारी खरंच उपास केला असेल तर त्याचा संबंध नाही ना. ते म्हणाले, मुळीच नाही, तीन महिने उलटलेत. साखर मी कमीच घातली होती, आत्या. एरवी तू दोन चमचे जास्त मागायचीस म्हणून.

राम घाटावर गुरुजींनी तुझं गोत्र विचारलं आणि मला काही केल्या आठवेना. मागे निमाताई उभ्या होत्या, त्यांनी सांगितलं. गुरुजींनी माझ्याकडे असं बघितलं की तू असतीस तर त्यांनाच खिडकी बंद करून दाखवली असतीस. अस्थी शिप्रेत सोडल्या, हात धुतले. परत येताना रिक्षात निमाताई म्हणाल्या, "परवानगी आली म्हणे तुमची." मी म्हटलं, "आली, पण आता कुठे..." त्या म्हणाल्या, "तेराव्यानंतर सहाव्या दिवशी एकादशी आहे. आम्ही येतोय."

आणि आल्या, आत्या. सहाच्या सहा. आदल्या रात्री आठला जेवलेल्या, त्यानंतर फक्त पाणी. ज्या बायकांनी जन्मात एकादशीला खिचडी चुकवली नाही, त्या सकाळपासून आपल्या घरात ठाण मांडून बसल्या. देवळे दिवसभर खुर्चीत, साक्षीदार म्हणून गुड्डी भाभी. ती तर तुझ्यापेक्षा कडक निघाली. "कोई किचन में नहीं जाएगा!" दुपारी दोननंतर एकेकीची जीभ सैल सुटली. कोणी कुठल्या लग्नात काय खाल्लं होतं त्याची वर्णनं चालू झाली. एक म्हणाली, पुष्पाताईंनी मेल्यावरही आपल्याला सोडलं नाही. सगळ्या हसून हसून लोटपोट झाल्या. तुझ्या फोटोला घातलेला हार हलला म्हणे, असं निमाताई शपथेवर सांगतात. पंखा चालू होता, मी बघितलं.

संध्याकाळी सहाला सगळ्यांनी शेवटचा हाऽऽ केला. मी लॅपटॉप लावला. आणि आत्या, रेषा चढल्या होत्या! सकाळपासून सावकाश, पायरी-पायरीने, सहाच्या सहा. नाही, पाच. एक मध्येच बसली होती. मी वळले तर निमाताई छताकडे बघत होत्या. "भाभी बाथरूममध्ये गेल्या तेव्हा," त्या म्हणाल्या, "एकच. अगदी लहान केळं होतं." असा गलका झाला की खालच्या दुकानातला माणूस वर बघायला आला. देवळे हसले. खरंच हसले, मी स्वतः बघितलं. त्यांचे दात चांगले आहेत. सेन्सरने निमाताईंचं केळंसुद्धा पकडलं, यापेक्षा मोठी पावती कुठली?

गलका ओसरला तशा निमाताई माझ्याजवळ आल्या. केळ्याची लाज झाकायची म्हणून की काय, म्हणाल्या, "पुष्पाताईंची कशी आली होती गं? त्या रविवारची?"

"तुम्हाला कसं माहीत?"

"म्हणजे काय? शुक्रवारी माझ्याकडेच तर आल्या होत्या नेलपॉलिश काढायला. म्हणाल्या, दोन दिवस आधी काढायचं असं मनूच्या कागदात लिहिलंय. घरी काढलं आणि वास राहिला तर ती पोरगी आणखी फाटे फोडेल."

मी फाइल उघडली. सगळ्या माझ्यामागे उभ्या होत्या. रिमूव्हरचा फुगा एकदम उठतो आणि पाच मिनिटांत बसतो, ते मला ठाऊक आहे. तुझी रेषा तशी नव्हती. सकाळी सातला खाली, मग दर तासाला थोडी थोडी वर, एकही तास न चुकवता, सहापर्यंत. मी ती उचलून त्या पाच जणींच्या रेषांवर ठेवली. त्यांच्यातलीच एक. कुठली तुझी, ते रंग दिला नसता तर ओळखू आलं नसतं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. गुड्डी भाभी म्हणाली, "देखो, बुआजी पास हो गईं!" आणि रडायला लागली. मग सगळ्यांनी ताटल्या घेतल्या, खिचडी आली, मोरधन आलं, आणि आपल्या घरात पुन्हा पार्टी झाली. मी दोनदा वाढून घेतलं. इतकं छान मला वीस दिवसांत वाटलं नव्हतं, आत्या. तू खोटं बोलली नव्हतीस. तुझ्या पोरीची डबी चालावी म्हणून तू बाफले भाजलेस, तूप कढवलंस, आणि त्यातला कणही तोंडात टाकला नाहीस.

देवळे जाताना म्हणाले, ही नोंद अहवालात घेता येणार नाही. वय बसत नाही आणि साक्षीदार नाही. मी म्हटलं, बरोबर आहे. भांडू नकोस, बरोबरच आहे. साक्षीदाराच्या रकान्यात नाव घालायचं तर माझंच घालावं लागेल, आणि ते मी कुठल्या तोंडाने घालू? अख्खा रविवार मी घरातच बसले होते. तुझ्या हातचं जेवले, आणखी एक वाढून घेतला. तू उपाशी आहेस हे त्या अंगठ्याएवढ्या डबीला कळलं आणि मला कळलं नाही. आकडा बघितल्यावर तरी तोंडातून पहिला प्रश्न तो निघायला हवा होता, जो आपल्या घरात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला तू विचारायचीस. मी म्हटलं, नखं दाखव.

फार उशीर झालाय, तरी विचारते. जेवलीस का गं, आत्या?